पानथरीवाचून मांजर

फारुकी सुलतानांनी वसविलेले, पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झालेले आणि आज मध्य प्रदेशात मोडत असूनही ज्याच्या पेठांतून व ओसऱ्यांवरून मराठी सहज कानी पडते असे बऱ्हाणपूर शहर आणि त्याला लागून असलेला लोधीपुरा, हा मुलूख औषधोपचाराच्या बाबतीत कधीच मागासलेला नव्हता. शहरात सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया महाविद्यालय आहे. वैद्य, हकीम आणि डॉक्टर अशा तिघांच्याही दारी जाणारी कुटुंबे येथे विरळा नाहीत. मात्र हा सगळा बंदोबस्त माणसांसाठी झाला. घरातील मांजर आजारी पडून पशुवैद्याने त्याच्या पोटाची सोनोग्राफी केली आणि ‘याची पानथरी काढून टाकावी लागेल’ असा अभिप्राय दिला, म्हणजे घरातील वडील माणसांपासून पोरांपर्यंत सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न येतो, की शरीरातला एक सबंध अवयव गेल्यावर हे मुके जनावर जगणार कसे? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे आशादायक आहे. पण ते एका शब्दात देण्याजोगे नाही.

पानथरीविषयी आपल्या मनात जी भीती आहे तिला परंपरा आहे. आयुर्वेदाने यकृत आणि प्लीहा (म्हणजेच पानथरी) यांना रक्तवह स्रोतसांचे मूळ मानले, युनानी वैद्यकाने ‘सौदा’ म्हणजे कृष्णपित्त या दोषाचे स्थान पानथरीत मुक्रर केले, आणि हिवतापाने पोखरलेल्या मुलांची फुगलेली पोटे ज्यांनी पाहिली त्या आपल्या आज्या-पणज्यांनी ‘पानथरी वाढली’ या शब्दांनीच पुष्कळदा मृत्यूची चाहूल ओळखली. मुलांच्या पोटावर हात ठेवून पानथरी वाढलेल्यांचे प्रमाण काढायचे आणि त्यावरून त्या भागातील हिवतापाचा अदमास बांधायचा, ही रीत इंग्रजी अमलात एकोणिसाव्या शतकातील कालव्यांच्या पाहणीपासून रूढ झाली. जनावरांकडे पाहावे तर शालिहोत्राच्या नावावर अश्वचिकित्सा आहे, पालकाप्याच्या नावावर हस्त्यायुर्वेद आहे. राजाच्या सैन्यात हुद्दा नसल्यामुळे मार्जाराच्या वाट्याला तसा स्वतंत्र ग्रंथ आला नाही. तेव्हा माणसाच्या पानथरीविषयीचे भय आणि कुत्र्याच्या पानथरीविषयीची माहिती, या दोहोंच्या आधारे आपण मांजराचे भवितव्य ठरवू लागतो, आणि तेथेच घोटाळा होतो.

हा अवयव मांजराच्या पोटात डाव्या बाजूस, जठराच्या बाहेरच्या वळणाला एका पातळ पडद्याने बांधलेला, चपटा, लांबोडा आणि गडद तांबडा असतो. त्याचे कार्य समजून घ्यायला बऱ्हाणपूरच्या माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. जहांगीरच्या कारकीर्दीत, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत येथे कुंडी भंडाऱ्याची जी योजना झाली, तीत सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीच्या थरांतून गाळून घेऊन, भुयारी पाटाने एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत नेत, शहराला पुरविले जाई. गाळणे आणि साठविणे ही दोन्ही कामे एकाच व्यवस्थेत होत. पानथरीही रक्ताच्या बाबतीत हेच करते. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी ती वेचून बाद करते, त्यांतील लोह परत उपयोगात आणते, रक्तातून वाहत आलेल्या जंतूंशी रक्षक पेशींची गाठ घालून देते, आणि काही रक्त संकटकाळासाठी राखून ठेवते. हा शेवटचा गुण केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिला: रक्तस्राव झाला, भय वाटले किंवा धावपळ झाली, म्हणजे पानथरी आकुंचन पावून आपली शिल्लक रक्तप्रवाहात ओतते.

मांजराच्या बाबतीत एक विशेष असा, की त्याची पानथरी गाळण्याच्या कामात कुत्र्याच्या पानथरीइतकी निपुण नसते. तांबड्या पेशीतील रक्तरंजक द्रव्य बिघडून पेशीच्या कडेला त्याचा जो बारीक कण जमतो, त्याला हाइन्झ कण म्हणतात. कुत्र्याची पानथरी असे कण पेशीतून काढून घेते. मांजराच्या पानथरीची आतील रचनाच निराळी असल्यामुळे ते काम तिच्याकडून नीट होत नाही आणि निरोगी मांजराच्या रक्तातही असे थोडेफार कण आढळतात. म्हणजे ज्या अवयवाच्या वियोगाचे आपण एवढे दुःख करतो, तो मांजराच्या शरीरात पहिल्यापासूनच अर्ध्या अधिकारावर काम करीत असतो. तो काढल्यावर यकृत, अस्थिमज्जा आणि लसिकाग्रंथी त्याचा कारभार आपसांत वाटून घेतात, आणि तो वाटून घेताना फारशी कुरकुर करीत नाहीत.

मग पानथरी काढण्याची वेळ का येते? वाहनाखाली सापडल्याने, गच्चीवरून पडल्याने किंवा कुत्र्याने धरून झटकल्याने ती फाटते आणि पोटात रक्त साचते, हे एक कारण. ती आपल्या देठाभोवती पिळवटते, हे दुसरे, पण मांजरात अतिशय दुर्मीळ. रक्ताची गाठ किंवा पेशींची निरुपद्रवी वाढ होणे, हे तिसरे; आणि अशा प्रसंगी पानथरी काढली की आजारच संपतो. चौथे कारण मात्र सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण मांजराच्या पानथरीचा खरा इतिहास त्यातच आहे.

ते कारण म्हणजे मास्ट पेशींचा कर्करोग. या पेशी शरीरात सर्वत्र पहाऱ्यावर असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामीन नावाचे द्रव्य भरलेले असते; आपल्याला गांधीलमाशी चावली असता जी सूज आणि खाज येते ती याच द्रव्याची करणी. मांजराच्या पानथरीत या पेशी बेसुमार वाढू लागल्या, की ती दुप्पट-तिप्पट होते, आणि हिस्टामीन रक्तात सांडत राहिल्याने जठरात अम्ल वाढून व्रण पडतात. घरच्यांना दिसते ते एवढेच, की मांजर वरचेवर ओकते, खाण्यावरून मन उडते, पाठीचा कणा हाताला लागू लागतो आणि पोट मात्र भरल्यासारखे दिसते. केसांचे गोळे ओकण्याची मांजराची सवय सर्वांच्या परिचयाची असल्याने या ओकण्याकडे महिनोन्महिने कोणी लक्ष देत नाही, आणि आजार लपविण्याची कला तर या प्राण्याला उपजतच असते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मांजरांच्या ४५५ विकृत पानथऱ्या तपासल्या गेल्या, त्यांत सुमारे १५ टक्के या रोगाच्या निघाल्या.

या रोगाचे आश्चर्य असे, की तो सर्व शरीरभर पसरला आहे, रक्तात आणि अस्थिमज्जेतही त्याच्या पेशी सापडताहेत, असे कागदोपत्री सिद्ध झाल्यावरही पानथरी काढल्याने मांजराला लाभ होतो. सामान्यतः कर्करोग मूळ जागा सोडून पसरला म्हणजे शस्त्रवैद्य हात आखडता घेतो. येथे उलट आहे. रोगाचा बहुतेक भार पानथरीतच साठलेला असल्याने ती गेली की ओकाऱ्या थांबतात, भूक परत येते आणि रक्तातील मास्ट पेशीही कमी होतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक रुग्णालयांतील ६४ मांजरांच्या अभ्यासात पानथरी काढलेल्या मांजरांचे पुढचे मध्यक आयुष्य सुमारे ८५० दिवस, म्हणजे सव्वादोन वर्षांहून अधिक भरले. ज्यांची पानथरी काढली नाही, केवळ औषधे दिली किंवा केवळ आराम पडेल असे पाहिले, त्यांचे आठ महिने ते एक वर्ष. शस्त्रक्रियेला किमोथेरपीची जोड दिल्याने मात्र आयुष्यात भर पडल्याचे त्या अभ्यासात दिसले नाही. दहा-बारा वर्षांच्या मांजराच्या हिशेबात सव्वादोन वर्षे ही क्षुल्लक मुदत नव्हे.

याउलट लिम्फोमा हा लसिकापेशींचा कर्करोग असेल, तर शस्त्राचे स्थान गौण असते आणि भिस्त औषधांवर ठेवावी लागते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून निघणारा हिमँजिओसार्कोमा असेल, तर काळ थोडा उरलेला असतो. कुत्र्यांच्या पानथरीत याच शेवटच्या रोगाचा सुळसुळाट असल्यामुळे, शेजारच्या कुत्र्याची हकीकत ऐकून मांजराचा मालक हताश होतो. त्याला माझे सांगणे असे, की कुत्र्याचा दाखला मांजराला लावू नये. शस्त्रक्रियेतून मांजर उठेल की नाही आणि उठल्यावर किती जगेल, हे दोन स्वतंत्र मामले आहेत; पहिल्याचा निर्णय शस्त्रवैद्याच्या हातात पुष्कळसा असतो, दुसऱ्याचा निर्णय पानथरी कोणत्या कारणाने काढली यावर असतो, आणि पानथरी नसणे या गोष्टीचा त्यात वाटा सर्वांत थोडा असतो.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांत मालक पैसे वाचवू पाहतो, तेही स्वाभाविक आहे. पण दोन बाबतींत काटकसर महाग पडते. पहिली बाब पिसवांची. बहुधा पिसवांच्या द्वारे मांजराच्या रक्तात मायकोप्लाझ्मा जातीचे सूक्ष्म जंतू शिरतात, तांबड्या पेशींना चिकटून राहतात आणि कित्येकदा कोणतेही लक्षण न दाखविता वर्षानुवर्षे दबा धरून बसतात. पानथरी त्यांना धाकात ठेवते. ती काढली, की हे दबलेले जंतू उसळी घेऊ शकतात आणि मांजर पांढरे पडते. म्हणून त्यांची तपासणी आधी करावी, आढळल्यास डॉक्सिसायक्लिन देऊन उपचार आधी करावा. मात्र ही गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकल्यास तेथे व्रण पडून नळी आवळते, यास्तव गोळीमागून पाणी किंवा पातळ अन्न पाजलेच पाहिजे. याच वेळी मांजरांच्या ल्यूकेमिया विषाणूची आणि प्रतिकारशक्ती खचविणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूची, म्हणजे एफ्‌आयव्हीची तपासणी उरकून घेणे श्रेयस्कर.

दुसरी बाब रक्ताची. चार किलो वजनाच्या मांजराच्या अंगात रक्त असते अवघे पाव लिटर. त्यातून फाटलेल्या पानथरीने काही हिरावून घेतलेले असले, तर बाहेरून रक्त देण्याचा प्रसंग येतो. माणसात ज्याप्रमाणे ओ निगेटिव्ह गटाचे रक्त अडचणीत कोणालाही देता येते, तशी सोय मांजरात नाही. त्यांचे मुख्य गट ए, बी आणि एबी. बहुसंख्य मांजरे ए गटाची, पण बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए गटाविरुद्ध जन्मजात इतके प्रखर प्रतिद्रव्य असते, की चुकीच्या गटाचे पहिलेच रक्त प्राणघातक ठरू शकते. गट जुळवून पाहिल्यावाचून शेजारच्या बोक्याचे रक्त देणे हा अघोरी प्रकार होय. दाता धष्टपुष्ट असावा, आणि त्याच्याकडून एका वेळी पन्नास मिलिलिटरच्या आसपासच रक्त घ्यावे.

लोधीपुऱ्यातील गृहस्थाने हे सर्व कोठे करावे, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. सरकारी पशुचिकित्सालयांचा आणि १९६२ या क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पथकांचा मुख्य रोख गाई-म्हशींकडे, आणि शेतीप्रधान मुलुखात ते योग्यही आहे. प्रथमोपचार आणि पुढचा सल्ला तेथे मागावा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी इंदूर-इच्छापूर रस्त्याने उत्तरेस जाता येते, तिकडे महू येथे १९५५ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे; आणि बऱ्हाणपूर मुंबई-इटारसी लोहमार्गावर असल्याने मुंबई हाही परका पर्याय नव्हे. तेथे परळला १८८३ सालापासून चालत आलेले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे आणि २०२४ साली महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय उघडले आहे. उन्हाळ्यात प्रवास रात्री किंवा पहाटे करावा, आणि मांजर हवेशीर, पक्क्या झाकणाच्या पिंजऱ्यात न्यावे, कडेवर नव्हे. गाडीचा कर्णा ऐकून खिडकीतून उडी घेतलेले मांजर पुन्हा हाती लागत नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया पशुवैद्याच्या दृष्टीने अवघड कामांत जमा होत नाही. छातीच्या हाडाखालपासून बेंबीच्या पलीकडे, पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेतात. सगळ्या पोटाची आणि यकृताची पाहणी करतात. मग पानथरी हलक्या हाताने बाहेर घेऊन तिच्या देठातील रक्तवाहिन्या एकामागून एक बांधून किंवा यंत्राने सीलबंद करून कापतात. हे बांधणे पानथरीच्या अगदी लगत करावे लागते, कारण जठराला आणि स्वादुपिंडाला जाणाऱ्या शाखा त्याच वाटेने जातात. मास्ट पेशींच्या रोगात एक विशेष दक्षता आहे: पानथरी दाबली-चोळली गेली तर हिस्टामीनचा लोट रक्तात येऊन रक्तदाब एकाएकी कोसळतो, म्हणून हिस्टामीनरोधक आणि अम्लशामक औषधे अगोदरच दिलेली असतात. भूलतज्ज्ञही, पानथरी रक्ताने फुगविणारे आणि रक्तदाब उतरविणारे एसप्रोमॅझिन टाळतो.

पुढचे दोन दिवस रुग्णालयाचे. हिरड्यांचा गुलाबीपणा जाऊन त्या पांढऱ्या पडणे, श्वास उथळ होणे, पोट फुगणे ही पोटात रक्त झिरपत असल्याची चिन्हे, आणि ती येण्याचा संभव पहिल्या चोवीस तासांत अधिक. ते पार पडले, की मांजर घरी येते, आणि येथून पुढे त्याची शुश्रूषा घरच्यांकडे.

सर्वांत आधी त्याने खाल्ले पाहिजे. माणसाला शस्त्रक्रियेनंतर लंघन सोसते, मांजराला सोसत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून नवाच जीवघेणा विकार उद्भवतो. उकडलेली कोंबडी किंवा मासळी कोमट करून, थोडी थोडी, हातावर घेऊन द्यावी. तीत कांदा, लसूण किंवा त्यांचे वाटण बिलकुल नसावे. खानदेशी घरात या दोहोंवाचून रस्सा होत नाही हे मला ठाऊक आहे, पण मांजराच्या तांबड्या पेशी ही दोन्ही द्रव्ये अक्षरशः फोडतात, आणि पानथरी गेलेल्या मांजराला अशी नासाडी परवडणारी नसते. एकही घास खाल्ला नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

वेदनाशमनासाठी डॉक्टरांनी दिलेलेच औषध द्यावे. घरात तापासाठी ठेवलेली पॅरासिटामॉलची गोळी देण्याचा मोह दयाळू माणसांनाच होतो, म्हणून स्पष्ट लिहितो: ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. त्याच्या यकृताला हे औषध निकामी करून बाहेर टाकता येत नाही. रक्त तपकिरी होते, तोंड सुजते, श्वास कोंडतो. तीच गोष्ट पिसवांच्या औषधाची. कुत्र्यांसाठी विकले जाणारे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला विष आहे. पिसवांचा बंदोबस्त आता जन्मभर ठेवायचा असल्याने मांजरासाठीच बनविलेले औषध वापरावे.

दहा ते चौदा दिवस उड्या, जिने आणि गच्ची वर्ज्य; टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर, जिच्यामुळे मांजर दोन दिवस उलटे चालते आणि तिसऱ्या दिवशी सरावते. टाके निघाल्यावर बहुतेक मांजरे पूर्ववत हिंडू लागतात. पानथरी नसलेल्या माणसांत, विशेषतः बालकांत, अकस्मात भयंकर जंतुदोष होतो, हे १९५२ साली अमेरिकेत ध्यानात आले आणि पुढे अशा माणसांना विशेष लसी देण्याचा शिरस्ता पडला. मांजरात असा अनर्थ क्वचितच ओढवतो. तरी रेबीजची आणि नेहमीची तिहेरी लस चुकवू नये, आणि पुढे केव्हाही रक्त तपासायला दिले तर पानथरी काढल्याचे प्रयोगशाळेला सांगावे, कारण तांबड्या पेशींत एरवी तुरळकच दिसणारे हॉवेल-जॉली नावाचे ठिपके वाढलेले आणि रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) वाढलेल्या पाहून अनोळखी तपासनीस विनाकारण घाबरतो.

खर्च शहराप्रमाणे आणि रोगाप्रमाणे बदलतो, आणि तो भागविता न येणाऱ्या गृहस्थाला दोषी ठरविणे मला मान्य नाही. परंतु एवढा खर्च करून शेवटी काढलेली पानथरी कचऱ्यात टाकू देणारे मालकच अधिक भेटतात, हे खेदाने नमूद केले पाहिजे. तिचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये घालून विकृतिशास्त्रज्ञाकडे रवाना करण्याची विनंती वाचकाने शस्त्रक्रियेपूर्वीच करावी आणि त्याचे शुल्क पहिल्या अंदाजपत्रकातच धरावे. तो लेखी अहवाल हाती येण्यापूर्वी कोणी मांजराच्या आयुष्याची मुदत सांगितली, मग ती कितीही थोडी असो वा कितीही मोठी, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.